नवीन प्रोसेसर घ्यायचाय? आधी खरा अडथळा कुठे आहे ते शोधा

"पीसी फार स्लो झालाय, नवीन प्रोसेसर टाकला तर फरक पडेल का?" पीसी दुरुस्त करताना हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो, आणि तपासल्यावर बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच निघतं. प्रोसेसरचं नाव सगळ्यांना पाठ असतं, म्हणून आळ त्याच्यावर येतो. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! नवा प्रोसेसर बसतो, पैसे जातात आणि पीसी होता तसाच रखडत राहतो. खाली मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम दिलाय. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

- डेस्कटॉप दिसतो, पण पुढची काही मिनिटं कशावरही क्लिक करा, गोल चक्र फिरत राहतं.
- ब्राउझरमध्ये टॅब वाढले की टॅब बदलताना पान पांढरं पडतं. मागे एक्सेल उघडं असेल तर सगळंच हँग.
- गेम पहिली दहा मिनिटं मस्त चालतो, मग अडखळतो. पंख्यांचा आवाजही चढलेला असतो.
- सेटिंग कितीही खाली आणा, एफपीएस (गेममध्ये दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही.
- व्हिडिओ एक्स्पोर्ट, थ्रीडी रेंडर किंवा मोठा कोड कंपाइल व्हायला प्रचंड वेळ लागतो.
- जड काहीच चालू नसताना माऊस अडकतो, गाण्याचा आवाज तुटतो.
- पीसी मध्येच रीस्टार्ट होतो किंवा गेम आपोआप बंद पडतो.
- विंडोज ११ बसायला नकार देते.

यातलं एक्स्पोर्ट-रेंडर-कंपाइलचं लक्षण प्रोसेसरकडे सरळ बोट दाखवतं. एफपीएस न वाढण्याचं लक्षणही, पण अर्धवटच. बाकी सगळ्यांत प्रोसेसर हा शेवटचा संशयित समजा.

टास्क मॅनेजर, पण योग्य वेळी

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर जा. लोक हे पीसी निवांत असताना उघडतात आणि "सीपीयू तर पाच टक्केच आहे" म्हणून बंद करतात. जे काम रखडतं ते चालू असतानाच बघायचं. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) यांतलं नेमकं कोण शंभराला टेकलंय?

डिस्क टेकली असेल आणि ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर पुढचं वाचायचीही फारशी गरज नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड जागेवर सरकायला वेळ, म्हणजे एका विखुरलेल्या वाचनाला अंदाजे १२ मिलिसेकंद. तेवढ्यात ४ गिगाहर्ट्झचा एक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) जवळपास पाच कोटी सायकल, म्हणजे कामाचे ठोके, नुसती वाट बघण्यात घालवतो. वेग दुप्पट असलेला प्रोसेसर आणलात, तर तो दहा कोटी सायकल वाट बघेल. पहिल्या लक्षणावर औषध एकच: विंडोज एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) हलवणं. साधी साटा एसएसडीसुद्धा चालते, त्यासाठी सगळ्यात वेगवान एनव्हीएमई घ्यायची गरज नाही.

हार्ड डिस्क कायम शंभरावर आणि वाचनाचा वेग मात्र अगदी नगण्य, असं दिसलं तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत बघा. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' लिहिलं असेल, तर आधी डेटाची कॉपी काढा, बाकी सगळं नंतर.

मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर विंडोज उरलेला माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलत असते. टॅब बदलताना पान पांढरं पडतं ते त्यामुळे. इथे रॅम वाढवा.

सीपीयूचा आकडा मात्र फसवा असतो. १६ थ्रेडच्या (एका वेळी कामाचे सोळा धागे चालवणाऱ्या) प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरला, तर एकूण आकडा जेमतेम ६ टक्के दिसतो. म्हणून आलेखावर राइट क्लिक करून तो 'लॉजिकल प्रोसेसर्स'मध्ये बदला. एखादा चौकोन वर टेकून बसलाय आणि बाकीचे रिकामे, असं चित्र दिसलं तर तुमचं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालतंय. अशा कामाला १६ कोअरचा प्रोसेसर आणून काही होत नाही, एकेका कोअरचा वेग जास्त असलेला लागतो. खरेदीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते हा फरक न कळल्यामुळे.

आणखी एक जागा बघायची. प्रोसेसेसच्या यादीत 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ सतत काही टक्के खात असेल, तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा यूएसबी उपकरणाचा असतो. माऊस अडकणं आणि आवाज तुटणं हे त्याचंच रूप. एकेक उपकरण काढून बघा, नेटवर्क आणि साउंडचे ड्रायव्हर अपडेट करा. इथे प्रोसेसरचा काही संबंध नाही.

फुकटच्या सेटिंग्ज

ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीत मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते मागे वाकून बघा. हसू नका. केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये आणि महागडं कार्ड शेजारी रिकामं बसलेलं, हे मी अजूनही बघतो.

मग मेमरीच्या टॅबमध्ये 'स्पीड' आणि 'स्लॉट्स युज्ड' वाचा. डीडीआर४ची ३२००ची रॅम घेतली असली, तरी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सोय, चालू केल्याशिवाय ती बहुतेक वेळा २१३३ किंवा २६६६ वरच धावते. डीडीआर५च्या एएमडी बोर्डांवर याच सोयीला एक्सपो म्हणतात. स्लॉट एकच भरलेला असेल, तर रॅम सिंगल चॅनलवर आहे, म्हणजे प्रोसेसरला मिळणारा मेमरी बँडविड्थ (डेटा ये-जा करण्याचा वेग) निम्मा. दोन स्टिक असूनही त्या शेजारीशेजारी घातलेल्या असतील तर तीच गत. चार स्लॉटच्या बोर्डवर सहसा प्रोसेसरच्या बाजूने दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, बोर्डच्या पुस्तिकेत चित्र असतं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत या एका बदलाने गेम खेळण्यायोग्य होतात, कारण प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग याच रॅमवर जगतो.

विंडोज ११चा नकार आला असेल तर पीसी हेल्थ चेक अ‍ॅपमध्ये नेमकं कारण वाचा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि त्या धास्तीने अनेकांनी चांगले प्रोसेसर बाद केले. कारण 'टीपीएम २.०' (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम चालू करा, काम झालं. कारण प्रोसेसर स्वतःच असेल, म्हणजे साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० याच्या मागचा असेल, तरच बदलाचा विचार करा.

उलटी चाचणी

ही माझी आवडती, आणि फारसं कुणी करत नाही. प्रोसेसर वेगवान केल्यावर काय होईल ते कळायला तो विकत घ्यावा लागतो, पण हळू केल्यावर काय होतं ते फुकटात कळतं.

पॉवर ऑप्शन्समध्ये प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'खाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असतं. आधी तिथे आत्ता काय आहे ते बघा. उष्णता कमी करायची युक्ती म्हणून कुणीतरी ते ९९ टक्के करून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं. ९९ केलं की टर्बो बूस्ट (गरज पडेल तेव्हा वेग वाढवणं) बंद पडतो, आणि ४.५ गिगाहर्ट्झला जाणारा प्रोसेसर बेस क्लॉकवर, म्हणजे मूळ वेगावर, रेंगाळतो. तसं सापडलं तर १०० करा, कदाचित तुमचा प्रश्न तिथेच सुटेल.

आधीपासून १०० असेल तर मुद्दाम ७० करा. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड खरंच उतरला ना, याची खात्री करा. आता रखडणारं काम पुन्हा करा आणि घड्याळ लावा. प्रोसेसर एवढा मंद करूनही कामाला तेवढाच वेळ लागला, तर अडथळा दुसरीकडे आहे. मग नवा प्रोसेसर कितीही वेगाचा आणा, या कामात त्याचा उपयोग नाही. प्रोसेसरचा वेग जेवढा उतरवला त्याच प्रमाणात वेळ वाढला, तर मात्र प्रोसेसरवरचा संशय पक्का धरा. जास्त कोअर किंवा जास्त कॅशचा (प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीचा) फायदा किती होईल हे यातून कळत नाही, तेवढी मर्यादा आहे. चाचणी झाल्यावर आकडा परत १०० करायला विसरू नका.

उष्णता

'पहिली दहा मिनिटं मस्त, मग अडखळतो' हे लक्षण बहुतेक वेळा इथेच सापडतं. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ठेवा, दहा-पंधरा मिनिटं जड काम चालवा आणि तापमानासोबत क्लॉकही बघा. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला स्वतःला आवरतात. रायझन ७०००ची नावात एक्स असलेली मॉडेलं पूर्ण लोडवर ९५ला जाऊन तिथेच राहतील अशीच बनवलेली असतात, ते पाहून घाबरायचं नाही. नुसत्या तापमानावरून निष्कर्ष काढू नका. तापमान मर्यादेला टेकलंय आणि क्लॉक बेसच्याही खाली गेलाय, ही जोडी दिसली की थंडाव्यात दोष आहे.

पीसी बंद करा, वायर काढा, बाजूचं झाकण उघडा. कूलरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांच्या वर, धुळीची गादी बसलेली असते, वरून ती दिसत नाही. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा. मोकळा सोडून मारला तर पंखा नको तेवढ्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. कूलर हलकेच डोलवून बघा. एखादा कोपरा उचलला जात असेल तर ती पिन आरपार गेलेली नाही. असा कूलर काढला की खालच्या थर्मल पेस्टवर (प्रोसेसरची उष्णता कूलरला देणाऱ्या लेपावर) सगळी गोष्ट लिहिलेली दिसते: तीन बाजूंना पेस्ट दबून पातळ झालेली, आणि चौथ्या कोपऱ्यात जाड, न दबलेली, जशी लावली तशी. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी लावा, पिना समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या जोडीने दाबा. थर्मल पेस्टची छोटी ट्यूब हा या लेखातला सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे.

तापमान ७०च्या आसपास आणि तरीही क्लॉक कोसळतो? मग मदरबोर्डचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तापत असण्याची शक्यता मोठी. हीटसिंक नसलेल्या साध्या बोर्डवर मोठा प्रोसेसर बसवला की हे होतं. इथे आणखी मोठा प्रोसेसर टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं.

मध्येच बंद पडणं

हा वेगाचा प्रश्न नाही, पण लोक यावरही प्रोसेसर बदलतात. आधी एक्सएमपी बंद करून बघा, मग मेमटेस्ट८६ने रॅम तपासा. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस लगेच अपडेट करा. या पिढ्यांतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होतात हे इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट दिले. त्या अपडेटने पुढचं नुकसान टळतं, आधीच बिघडलेला प्रोसेसर सुधारत नाही. त्यांची वॉरंटी मात्र दोन वर्षांनी वाढवलेली आहे, तेव्हा नवा विकत घेण्याआधी बदलून मागा.

गेमवाल्यांसाठी

जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर चालत असेल तर अडथळा ग्राफिक्स कार्ड आहे. जीपीयू ६०-७० वर रेंगाळत असेल तर आधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) किंवा फ्रेम लिमिट चालू नाही ना ते बघा. एफपीएस बरोबर ६०वर थांबत असेल तर बहुधा तुम्हीच तो तिथे थांबवलाय.

मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, बाकी सेटिंग्ज तशाच ठेवा. एफपीएस चांगला वाढला तर कार्ड कमी पडत होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर किंवा रॅम. कारण असं की पात्रांच्या हालचाली, फिजिक्स आणि कार्डला द्यायच्या आज्ञा हे प्रोसेसरचं काम पिक्सेल कमी झाल्याने घटत नाही, घटतं ते कार्डचं.

आणि गिगाहर्ट्झ बघून गेमिंगचा प्रोसेसर निवडू नका. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीचा क्लॉक साध्या ५८००एक्सपेक्षा कमी होता. पण एल३ कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी, आणि बहुतेक गेममध्ये तोच पुढे.

फायदा किती, ते कागदावर

समजा एक्स्पोर्टला ४० मिनिटं लागतात आणि त्यातली २४ मिनिटं प्रोसेसरची आहेत, बाकीची डिस्क आणि कार्डची. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर २४ची १२ होतील, एकूण २८. वेळ निम्मा झाला नाही. उद्या जगातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर आला तरी १६ मिनिटांच्या खाली जाता येणार नाही. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला युक्तिवाद याच जातीचा आहे.

नव्या प्रोसेसरच्या चाचण्या वाचताना तुमच्याच सॉफ्टवेअरची चाचणी शोधा. एका पिढीच्या फरकाने दुप्पट वेग मिळणं दुर्मीळ असतं. माझा स्वतःचा हिशेब: रोज करायच्या कामात एक तृतीयांश वेळ वाचत नसेल तर मी बदल सुचवत नाही. आठवड्यातून एकदा रात्री लावून झोपायच्या एक्स्पोर्टसाठी तर नाहीच.

बोर्ड घेईल का?

इतक्या चाळण्यांतून प्रोसेसरच दोषी ठरला, तर आता सगळं मदरबोर्डवर अवलंबून. सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) सारखं दिसतं म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांचं सॉकेट एलजीए ११५१च, पण सहाव्या-सातव्यासाठीच्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर आठवी पिढी चालत नाही. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७च्या पहिल्या रायझनच्या अनेक बोर्डांना बायोस अपडेटने रायझन ५००० चालतो, आणि जुन्या पीसीला असा एक प्रोसेसर टाकणं हा माझ्या मते सगळ्यात पैसा वसूल अपग्रेड आहे. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी असते. त्यात प्रोसेसरचं नाव आणि त्यापुढे लागणारी बायोस आवृत्ती, दोन्ही वाचा.

बोर्ड बदलावाच लागला तर हिशेब पूर्ण वेगळा होतो. एएमडीच्या पुढच्या सॉकेटवर, एएम५वर, फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर आणि कदाचित कूलरही. तेवढ्यात ग्राफिक्स कार्ड किंवा दुसरं काही जास्त उपयोगी पडेल का, हा विचार त्या क्षणी करा.

बदलताना

बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा, आणि यूपीएस असेल तर त्यावरच. मध्ये वीज गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो.

बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की दुसऱ्या यंत्रावर जपून ठेवा. एएमडीत एफटीपीएम प्रोसेसरशी बांधलेला असतो. नवा प्रोसेसर बसल्यावर पीसी विचारतो, एफटीपीएम रीसेट करू का? हो म्हटलंत आणि रिकव्हरी की जवळ नसेल, तर डेटा कुलूपबंद. नव्या विंडोज ११मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नकळत चालू असू शकतं, म्हणून "मी कधी लावलंच नाही" यावर विसंबू नका.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर इंटेलचं एफ अक्षराने संपणारं मॉडेल घेऊ नका, त्यात डिस्प्लेच नसतो. एएम४वरच्या साध्या रायझनांचंही तसंच, तिथे जी असलेलं मॉडेल लागतं.

एएम४चा कूलर सरळ वर ओढायचा नाही. पेस्ट सुकून घट्ट झालेली असते आणि प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. काढण्याआधी दहा मिनिटं जड काम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवून सोडवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सॉकेटमधली किंवा प्रोसेसरची पिन वाकलेली दिसली तर सुई-चिमटा घेऊन बसू नका. बायोस अपडेट अर्धवट राहून पीसी सुरूच होत नसेल आणि बोर्डला फ्लॅशबॅकचं (बायोस पुन्हा भरणारं) बटण नसेल, तर त्याला चिप प्रोग्रामर लागतो, तो घरी नसतो. लिक्विड कूलरमधून थेंब दिसला तर वीज बंद, पीसी चालू करून बघायचं नाही. जळका वास किंवा बोर्डवर काळा डाग असेल तेव्हाही तेच. एसएमपीएसचं (पीसीला वीज देणाऱ्या डब्याचं) झाकण तर कधीच उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो. आणि पीसी तयार घेतलेला, वॉरंटीत असेल, तर सील तोडण्याआधी विकणाऱ्याला फोन करा.

नवा प्रोसेसर बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर लगेच घाबरून स्विच बंद करू नका. डीडीआर५च्या बोर्डांवर पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) चालतं, त्यात काही मिनिटं जातात. पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही तर वीज काढा, प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची पॉवर केबल पूर्ण बसलीय का ते दाबून बघा, एकच रॅम स्टिक ठेवा, सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणा). एवढं करूनही डिस्प्ले नाही, तर जुना प्रोसेसर परत बसवा. त्यावर पीसी चालू झाला तर बायोस आवृत्ती किंवा नवा प्रोसेसर यात दोष आहे. त्यावरही चालू झाला नाही तर बोर्ड घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा, सॉकेटवर झाकण लावून.